पुढे बसायची साडी

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पवित्राचा फोन वाजायचा. पलीकडून हेमलताबाई एवढंच म्हणायच्या, "आज मी मोरपिशी."

"बरं बाई," पवित्रा म्हणायची, आणि फोन बंद व्हायचा. मग ती कपाट उघडून राखी साडी काढायची. बाई केशरी नेसणार असल्या तर बिस्किटी, जांभळी नेसणार असल्या तर मोतिया. बाई पांढरी नेसायच्या तेव्हा जरा अडचण व्हायची, कारण पांढऱ्याहून फिकं काय नेसणार? त्या दिवशी ती मातकट नेसायची.

हेमलताबाई सबनीस कोल्हापुरातल्या नावाजलेल्या गायिका. पवित्रा हुक्किरे त्यांची शिष्या, बाईंच्या मागे उजव्या हाताला तंबोरा घेऊन बसणारी. विशीत शिकायला आली होती, आता पंचेचाळिशी ओलांडली. गंगावेशीत दोन खोल्यांचं घर, त्यात ती आणि तिची आई बसव्वा. वडील गेल्यावर भावाने पेठ वडगावला दुकान टाकलं आणि तो तिकडचाच झाला. पवित्रा सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या पोरांना गाणं शिकवते, त्यांना परीक्षांना बसवते, आणि मधल्या दुपारी बाईंच्या घरी जाते. तिथे आधी शिकायला जायची. पुढे बाईंच्या गोळ्या वेळेवर देणं, तंबोऱ्यांच्या तारा बदलणं, आल्यागेल्याचा चहा, हेही आपोआप तिच्याकडे आलं. कधी आलं ते तिला सांगता येणार नाही.

मागे बसणाऱ्याने काय नेसावं याचं शास्त्र बाईंनी तिला अगदी सुरुवातीला शिकवलं होतं. पहिल्याच कार्यक्रमाला ती आईने हौसेने घेतलेली डाळिंबी साडी नेसून गेली होती, हातात डझनभर काचेच्या बांगड्या, केसात मोगरा. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"माझ्यामागे हे डाळिंब कुणी फोडलं गं?" त्या म्हणाल्या.

बाकीच्या मुली हसल्या. पवित्राही हसली.

मग बाईंनी तिला समोर बसवून समजावलं. सळसळणारी साडी नको, आलापीत आवाज येतो. जरीचा काठ नको, दिव्यात चमकतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष जातं. बांगड्या तंबोऱ्याच्या दांडीवर वाजतात. लोंबती कानातली नकोत. मोगऱ्याने बाईंचा घसा धरतो. "लोक मला बघायला येतात," बाई म्हणाल्या. "तू पडदा आहेस. पडदा स्वच्छ असावा, इस्त्रीचा असावा. पण पडद्याकडेच कुणी बघत बसलं तर नाटक पडलं म्हणायचं."

हे पवित्राला पटलं होतं. खरं तर तेव्हा तिला बाईंचं सगळंच पटायचं. तिने डाळिंबी साडी भावाच्या बायकोला देऊन टाकली.

पडदा होण्यात ती इतकी पटाईत झाली की एकदा तिला बघायला आलेले पाहुणेही फसले. स्थळ जयसिंगपूरचं होतं, माणसं बरी होती. मुलीला कार्यक्रमातच बघू, उगाच कांदेपोहे नकोत, असं त्यांनी सुचवलं होतं. पहिल्या रांगेत बसून त्यांनी अख्खी मैफल ऐकली, आणि शेवटी बसव्वाला नमस्कार करून विचारलं, "गाणं झ्याक झालं. मुलगी कुठाय?" ते स्थळ तिथेच राहिलं. नंतर आलेली स्थळं बाईंच्या दौऱ्यांच्या तारखांत गेली. त्याबद्दल पवित्रा कधी बोलायची नाही. बसव्वा बोलायची, पण कन्नडात, म्हणजे गल्लीला कळू नये म्हणून.

आणि या सगळ्या वर्षांत एक गोष्ट ठरलेली होती. "तुझं एकदा करू या," असं बाई म्हणायच्या. पावसाळा संपला की करू. नातीचं लग्न झालं की करू. पवित्राचा गळा चांगला होता हे बाईंना ठाऊक होतं. वरच्या षड्जावर आताशा बाईंचा श्वास अपुरा पडायचा, तेव्हा मागून पवित्रा तो सूर असा अलगद भरायची की रसिक बाईंनाच दाद द्यायचे.

यंदा मात्र खरंच ठरलं. गायन मंडळाची वार्षिक संगीत सभा जवळ आली तसे मंडळाचे गुंडूकाका बाईंच्या घरी आले. गुंडूकाकांचा गुळाचा व्यापार होता. गाण्यातलं फारसं कळत नाही हे ते स्वतःच सांगायचे, पण त्यांच्यावाचून मंडळाची सतरंजी हलायची नाही.

"बाई, रागावू नगासा," ते म्हणाले. "पर तीन तास आता बसवंल का तुमास्नी?"

"का? मेले का मी?"

"तसं न्हवं हो. सुरवातीला पाऊण तास एखादा शिष्य बसवा की. लोक येईपतोर. मग तुमी हाईसाच."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग आत बघून म्हणाल्या, "पवी बसेल."

आत पवित्रा चहा करत होती. आपण चहात साखर घातली की नाही हे तिला आठवेना. बाईंना साखर चालत नव्हती. तिने तो चहा मोरीत ओतला आणि दुसरा टाकला.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. बसव्वाला आधी नीट कळलंच नाही.

"फुडं म्हंजे? मधी?"

"मधी, अव्वा."

"मग तंबोरा कोण वाजीवणार?"

"दुसऱ्या मुली आहेत की."

"आनि तू काय करनार?"

"गाणार, अव्वा. मी गाणार."

बसव्वाने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. मुलीकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं. "मग साडी पायजे," ती म्हणाली.

महाद्वार रोडला दोघी गेल्या. दुकानदाराने गादीवर बसवून विचारलं, "कसली दाखवू? लग्नाची?"

"गाण्याची," बसव्वा म्हणाली.

"आं?"

"स्टेजवर बसायची," पवित्राने सांगितलं.

त्याचा चेहरा उजळला. "मग सांगा की तसं!" त्याने टिकल्या लावलेल्या, डोळे दिपवणाऱ्या चार साड्या भराभर उलगडल्या. "आर्केस्ट्राला सगळ्या ह्याच नेत्यात बघा. लाइट पडला की नुसता जाळ!"

"जाळ नको," पवित्रा म्हणाली. "शास्त्रीय गाणं आहे."

शास्त्रीय म्हटल्यावर त्याने ढिगातून साध्या काढल्या. मग पवित्राची खरी अडचण सुरू झाली. बाई काय नेसणार हे ठाऊक असलं की आपण काय नेसायचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण नुसतं आपल्याला काय हवं, हा प्रश्न तिला कुणी बरीच वर्षं विचारला नव्हता. तिचा हात पुन्हा पुन्हा एकाच बाजूला जात होता.

"परत राखाडी!" बसव्वा ओरडली. "घरात काय राख कमी हाय व्हय?"

दुकानदार हसला. शेवटी आईनेच एक ओढून काढली. वांगी रंग, काठाला बारीक जर. "ही खांद्यावर टाक."

पवित्राने टाकली आणि आरशात बघितलं. आरशात एक बाई दिसली. बरी होती. कुणीतरी असावी असं वाटत होतं.

"हीच द्या," ती म्हणाली. एवढं पटकन बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढचे काही आठवडे तिने पूरिया धनाश्री घोटला. पोरांच्या शिकवण्या पुढेमागे केल्या. तंबोरे मात्र बाईंच्याच पट्टीत लावायचे होते. मध्ये सूर बदलून पुन्हा लावायला वेळ कुठला? बाईंची पट्टी आता वयाने खाली आली होती. त्या पट्टीत पवित्राचा आवाज झाकल्यासारखा यायचा, तरी तिने जमवून घेतलं. जमवून घेणं तिला येत होतं.

तिच्या मागे तंबोऱ्याला कशिश बसणार होती. कशिश ही बागवान गल्लीतल्या वसीम बागवानांची मुलगी, कॉलेजात शिकणारी. दोन वर्षांपूर्वी बाईंकडे आली. ती कार्यक्रमाला मनाला येईल ते घालून यायची. पोपटी कुडता, पिवळी ओढणी. बाई नुसत्या हसायच्या, "आला गं आमचा पोपट." तिला सकाळी फोन जायचा नाही. का जायचा नाही, याचा विचार पवित्राने कधी केला नव्हता. त्या दिवसांत करून बघितला आणि सोडून दिला.

कशिशला ती वांगी साडी दाखवताना एक भानगड तिच्या लक्षात आली.

"अगं, पाऊण तास मी पुढे. मग बाई येणार, आणि मी मागे. मागे ही कशी चालेल?"

"मधी बदला की ताई."

"कुठे? ग्रीनरूमला बाई असतात. त्यांचं आवरत असतं."

"मग नका बदलू!" कशिश म्हणाली. "एक दिस वांगी मागं बसलं तर काय मैफल करपती का?"

पवित्राला हसू आलं. आणि तिने ठरवलं, बदलायची नाही. बाईंना आधी सांगायचंही नाही. काही सांगण्यासारखं नव्हतंच त्यात. साडी तर आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आज मी वांगी," बाई म्हणाल्या.

पवित्राने बाहेर काढून ठेवलेल्या वांगी साडीकडे बघितलं.

"ऐकलंस ना?"

"बाई... मी पण वांगीच घेतली होती. आजच्यासाठी."

"असं होय," बाई म्हणाल्या. "एका स्टेजवर दोन वांगी. मग भरलीच करायची की." त्या हसल्या. "नेस बाई, तूच नेस. तुझा दिवस आहे. माझं काय, मी म्हातारी कशातही बसेन. शोधते काहीतरी."

इथे गप्प बसली असती तर संपलं होतं. "बरं बाई" म्हटलं असतं तरी संपलं होतं. दर वेळी तेवढंच तर म्हणायची ती. पण बाई गुडघे धरून कपाटापुढे उभ्या आहेत, एक एक हँगर सरकवताहेत, हे तिला दिसायला लागलं.

"नको बाई," ती म्हणाली. "तुम्ही वांगीच नेसा. मी मोतिया नेसते."

"बघ हं. माझा काही आग्रह नाही."

"नाही बाई. मोतिया बरी आहे."

"मोतिया शोभतेच तुला," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बसव्वा दारात उभी राहून ऐकत होती. "तिला कशाला इचारलीस?"

"विचारलं नाही अव्वा. सांगितलं फक्त."

"सांगितलीस कशाला मग? नेस ती! गप नेस आनि चल!"

"पाऊण तास सोडला तर मागेच बसायचंय. मागे ती चालत नाही."

"आनि फुडं मोतिया चालतीया?"

पवित्राने मोतिया साडी बाहेर काढली. "गाणं गळ्यात असतं अव्वा, साडीत नसतं," ती म्हणाली. हे वाक्य बाईंचंच होतं. बसव्वाने वांगी साडीची घडी घातली, ब्लाउज मधे ठेवला आणि पिशवीत घालून कपाटावर टाकली. कपाटात ठेवली नाही. कपाटावर टाकली.

संध्याकाळी पवित्रा नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचली. नेहमीसारखी स्टेजवर बसून तिने दोन्ही तंबोरे लावले. नेहमीसारखी माणसं येऊ लागली. कोल्हापुरात आता शास्त्रीय गाण्याला कसं नटून यायचं हेही ठरून गेलंय. बायका खणाचे ब्लाउज, इरकली साड्या, काळपट चांदीच्या ठुशा घालून येतात. पुरुष मुलाच्या लग्नातला झब्बा काढतात. एकमेकांच्या पदराला हात लावत, चहाचे कागदी कप सांभाळत सगळे उभे होते. तिसऱ्या रांगेत बसव्वा येऊन बसली. तिची रोजचीच इरकल. दोन बायका तिच्याशेजारी वाकल्या.

"आजी, ओरिजिनल आहे का हो? कुठून घेतलीत?"

"रोजची हाय की," बसव्वा म्हणाली. "भांडी घासताना नेस्तो मी."

त्या बायका फार हसल्या. "किती गोड!" एक म्हणाली. बसव्वाला त्यात गोड काय ते कळलं नाही. ती स्टेजकडे तोंड करून ताठ बसली.

वेळ झाली तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. साखर कारखान्यातले कुणी मोठे गृहस्थ होते, सभेचा खर्च त्यांनी उचलला होता. गुंडूकाका फोन कानाला लावून स्टेजच्या कडेला आले.

"ताई, पावणं अजून रस्त्यातच हाईत. तुमी सुरू करा तोपतोर. ते आले की दिवा लावू, नावं घेऊ, समदं रीतसर करू."

"आत्ता? काही न सांगता?"

"सांगायचं काय त्यात? सगळी वळखत्यात की तुमाला!"

ते खरं होतं. सगळी ओळखत होती.

पवित्रा उठली, उजवीकडची जागा सोडून मधल्या बैठकीवर येऊन बसली. मागे कशिश आणि आणखी एक मुलगी तंबोऱ्यांवर. तबल्यावर राजवीर नावाचा तरुण मुलगा होता, तो अजून हातोडीने गट्टे ठोकत होता. हॉलमधले दिवे तसेच होते. साउंडवाल्याने लांबून तिच्याकडे बघून बोट वर केलं, म्हणजे आवाज द्या.

तिने डोळे मिटले आणि षड्ज लावला. बाईंनीच शिकवलं होतं, पहिला षड्ज घाई न करता लावायचा, त्यात सगळं घर दिसलं पाहिजे. तिने तो लांब, सरळ, न हलवता धरला. तंबोऱ्यात तो मिसळून गेला.

डोळे उघडले तेव्हा साउंडवाला हाताने खूण करत होता, अजून एकदा. आणि समोर माणसं उभीच होती. कुणीतरी कुणाला हाक मारून जागा धरायला सांगत होतं. चहावाला रांगांतून फिरत होता. मोतिया साडीतली पवित्रा हुक्किरे तंबोरे जुळवतेय, हे दृश्य या माणसांनी इतकी वर्षं बघितलं होतं. हे चाललंय म्हणजे बाईंना अजून वेळ आहे, चहा घेऊन होईल, असा त्यांचा हिशेब होता. जरा सरकून बसलीय एवढंच. माईक बघत असेल.

ती पुढे गेली. निषाद, कोमल ऋषभ, गंधार. आवाज त्या खालच्या पट्टीत दबत होता, आणि मोठ्या स्पीकरमधून तर येतच नव्हता, तिच्या पायाशी ठेवलेल्या लहान खोक्यातून तेवढा येत होता. मागून कशिश साउंडवाल्याकडे बघून हात करत होती. तो फोनवर होता.

पहिल्या रांगेतले एक नेहमीचे रसिक उठून स्टेजपाशी आले. हातात कप. वाकून हळू आवाजात, अगदी अदबीने त्यांनी विचारलं, "पवित्राताई, बाई आल्या का? किती वेळ आहे अजून?"

ती गात होती. तिने गाता गाता मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ त्यांनी आपल्याला हवा तो घेतला आणि ते मागे फिरून शेजाऱ्याला म्हणाले, "आहे जरा वेळ."

थांबावं का? हात जोडून म्हणावं का, की मंडळी, हे माझं गाणं आहे? तिला तसं म्हणायचं होतं. शब्द तयार होते. पण स्टेजवर बोलायची तिला सवय नव्हती, तिथे बाई बोलायच्या. तिने राजवीरकडे बघितलं, त्याने ठेका धरला आणि तिने बंदिश उचलली.

तबला वाजला तशी काही डोकी वळली. मागच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ खाली बसले. आणखी दोघं बसली. ती अंतऱ्याकडे निघाली, तार षड्जावर गेली, आणि तिथे पट्टीबिट्टी सगळं मागे पडून आवाज एकदम मोकळा सुटला. माईक नसताना सुटला. चहाचा कप ओठापाशी नेलेली एक बाई तशीच थांबली. आता, पवित्राला वाटलं. आता.

दाराशी गडबड उडाली. "आले, आले," कुणीतरी म्हणालं. सगळा हॉल उठून दाराकडे वळला. गुंडूकाका स्टेजखालून दोन्ही हात खाली दाबत खुणा करायला लागले. तिने समेवर येईपर्यंत म्हटलं आणि ती थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाणं चालू होतं हे ठाऊक नसलेली माणसं टाळ्या कशाला वाजवतील?

मग खुर्च्या आल्या, समई आली, हार आले. प्रमुख पाहुणे उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करून बराच वेळ बोलले. संगीतासाठी आपण काय काय करणार आहोत ते त्यांनी सांगितलं. निवेदिकेने बाईंची ओळख करून दिली, आणि हॉलमधले दिवे मंद झाले. स्टेजवर मोठा प्रकाश पडला आणि बाई आल्या.

बाई हिरव्या साडीत होत्या. अळवाच्या पानासारखा गर्द हिरवा रंग, रुंद काठ.

टाळ्या चालू असताना पवित्राने त्यांना हात देऊन बसवलं. बाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "झालं ना तुझं छान? मी आत होते, नीट ऐकू आलं नाही." मग तिची नजर आपल्या साडीवर आहे हे बघून त्या म्हणाल्या, "अगं, ती वांगी फार जड वाटली. केवढं उकडतंय. म्हणून ही नेसले."

पवित्रा मागे गेली. उजव्या हाताच्या जागेवर बसली आणि तंबोरा उभा धरला.

बाई त्या दिवशी चांगल्या गायल्या. दोनदा श्वास कमी पडला, दोनदा मागून सूर भरला गेला, आणि दोन्ही वेळा हॉल "वा!" म्हणाला. शेवटी गुंडूकाकांनी आभार मानले. पाहुण्यांचे, देणगीदारांचे, मांडववाल्यांचे, आणि कागदाकडे बघत, "तंबोऱ्यावर साथ करणाऱ्या पवित्रा हुक्किरे आणि कशिश बागवान यांचे." दुसऱ्या मुलीचं नाव राहिलंच. तिला तिथल्या तिथे रडू आलं, आणि पवित्राने तिची समजूत घातली.

आत तंबोऱ्यांना गवसण्या घालताना कशिश तणतणत होती. "मोठा स्पीकर चालूच केला नव्हता त्यानं! मी एवढ्या खुणा केल्या. ताई, तुमी उठून बोलायचं की!"

"काय बोलायचं?"

"काय म्हंजे? मी न्हाय बाई अशी थांबणार. पुढच्या महिन्यात माझं जयसिंगपूरला आहे, कॉलेजच्या ओळखीनं. मला पायजे ते नेसणार आनि मीच माईकवर माझं नाव सांगणार."

"छान आहे की," पवित्रा म्हणाली. "बाईंना सांगितलंस?"

"बाईंना? कशाला?"

पवित्राने गवसणीची नाडी बांधली. कशिशकडे बघून तिला राग यायला हवा होता, निदान हेवा. काही आलं नाही. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, आणि उद्या सकाळी पोरांची परीक्षेची तयारी आहे हे आठवलं.

रिक्षात बसव्वा बाहेरची दुकानं बघत बसली. पवित्रा वाट बघत होती. आईला गाण्यातलं काही कळत नसे. पण आई तिसऱ्या रांगेत, समोरच होती. त्या गर्दीत तोंड स्टेजकडे असलेलं एक माणूस तरी होतं. आई काय म्हणेल? बरं झालं म्हणेल, वाईट झालं म्हणेल. काहीही म्हणू दे.

रिक्षा गंगावेशीकडे वळली तेव्हा बसव्वा म्हणाली, "एवढं समदं करून तुझं गानं ठेवलंच न्हाई की त्यांनी."

पवित्राने तिच्याकडे बघितलं.

"तू कुठे बसली होतीस, अव्वा?"

"थितंच की, तिसऱ्या रांगंत. हाललो न्हाई मी. पान्याला सुदीक उठलो न्हाई. आता नाव घेतील, मग घेतील, म्हनून कान लावून बसलोतो. तू तंबोरं लावत बसलीस बराच येळ, तवा म्हटलं आता हुईल सुरू. तर ती मानसंच आली मोटारीतनं." तिने पदराने तोंड पुसलं. "लबाड हाईत ती. गरिबाला बलावत्यात आनि तंबोरं लावून घेत्यात."

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

सांगता आलं असतं. मी गायले अव्वा, पूरिया धनाश्री गायले, वरचा षड्ज लागला होता, असं म्हणता आलं असतं. मग आईला कळलं असतं की पोरगी समोर बसून गात होती आणि आपल्यालाही ते कळलं नाही. आई आता ऐंशीची होईल.

"पाहुणे उशिरा आले ना," पवित्रा म्हणाली. "वेळच उरला नाही."

"मग आता?"

"आता पुढच्या वर्षी म्हणतात."

बसव्वाने मान हलवली. तिला थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं. तिने मुलीच्या मोतिया पदरावरचा कसलासा डाग नखाने खरवडून बघितला.

"मग वांगी नेसली न्हाईस ते ब्येस झालं बघ," ती म्हणाली. "उगंच घामानं खराब झाली असती. ऱ्हाऊ दे नवीच."

"हो," पवित्रा म्हणाली.